कुत्रा आणण्याआधी पंधरा दिवस

कुत्रा आणावा का, असं घरात चाललं असेल तर आधी फक्त पट्टा आणा आणि पंधरा दिवस कुत्र्याशिवायच वापरून बघा. सकाळी सहाला उठून खाली अर्धा तास, रात्री जेवणं आटोपली की पुन्हा अर्धा तास. शक्यतो जुलैत. डिसेंबरात पहाटे फिरायची हौस सगळ्यांनाच असते. छत्री उलटी होतेय, पायाखाली चिकचिक आहे आणि आपण कुणाची तरी शी व्हायची वाट बघत उभे आहोत, हे जमतं का ते बघायचं. (ती पिशवीत उचलायचीही असते, आणि ते काम सोसायटीच्या सफाईवाल्याचं नाही.) फ्रिजवर कॅलेंडर लावा, जो खाली गेला त्याने सही करायची. आमच्याकडे होकार चौघांचा होता, सह्या मात्र माझ्या आणि आईच्याच निघाल्या. ज्याने महिनाभर हट्ट धरला होता त्याची शेवटची सही तिसऱ्या दिवसाची. शेंगा, आमची गावठी कुत्री, तरीही आली, पण कामांची वाटणी ते कॅलेंडर समोर ठेवूनच झाली.

त्याच पंधरवड्यात घर रोज किती तास कुलूपबंद असतं तेही लिहून ठेवा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू होते, आणि पुढे दात बदलायला लागले की चप्पल, चार्जर, सोफ्याचा कोपरा, त्याला काहीही चालतं. मोठं कुत्रं सहा-सात तास एकटं काढतं. दोघंही नोकरीला आणि घरी कुणीच नाही, अशा घरांनी पिल्लाच्या फंदात न पडता दोन-तीन वर्षांचं, सवयी लागलेलं कुत्रं दत्तक घ्यावं असं माझं मत. पिल्लूच हवं असेल तर आठ आठवड्यांच्या आतलं नको. २०१७ च्या नियमांनुसार ते विकायलाच बंदी आहे, आणि चावताना किती जोर लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतं.

मग वर्षांचा हिशोब. कुत्रा साधारण बारा-तेरा वर्षं जगतो. मुलगा आज दहावीत असेल तर कुत्र्याच्या म्हातारपणी तो सत्तावीस-अठ्ठावीसचा असणार, बहुतेक दुसऱ्या शहरात. म्हणून कुत्रा हवा का, हे मुलाला नाही, त्याच्या आईला विचारा, आणि ते चारचौघांत नको, ती एकटी असताना.

सोसायटीची भीती वाटते तेवढी नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भाड्याचं घर असेल तर मात्र अकरा महिन्यांचा करार काढून नीट वाचा. पुण्या-मुंबईत महापालिकेचा परवाना लागतो, आणि त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा दाखला.

आता स्वयंपाकघर. आपल्याकडे उरलेली पोळी-भाजी कुत्र्याला घालायची पद्धत आहे, आणि नेमकी तीच मोडावी लागते. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराही बाद. चिकनची शिजलेली हाडं भुगा न होता टोकदार फुटतात. हे सगळं आजोबांना आधीच सांगून ठेवा, कारण टेबलाखालून घास तेच देणार आहेत.

लसींचं वेळापत्रक सोपं असतं. सहा-आठ आठवड्यांपासून सुरुवात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. पुढच्या डोसांच्या तारखा डॉक्टर लिहून देतात. जंताचं औषध वेगळं. हा खर्च आधी माहीत असतो, त्याने कुणी दमत नाही. दमवतो तो गोचीड ताप. शेंगाने एका शनिवारी रात्री ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. हिरड्या पांढुरक्या पडलेल्या, नेहमीचा दवाखाना बंद, आणि दोन रिक्षावाले कुत्रं बघून पुढे निघून गेले. म्हणून रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधा, तिथे कशाने जाणार ते ठरवा, आणि त्या रात्रीसाठी म्हणून थोडे पैसे बाजूला टाका.

जातीबद्दल एवढंच म्हणेन की नागपूरच्या मे महिन्यात हस्की आणणं मला क्रूरपणाच वाटतो, आणि पगच्या चपट्या नाकाला आपला उन्हाळा झेपत नाही. गावठी कुत्र्याला हे हवामान सवयीचं आहे, आणि तो फुकट मिळतो.

शेवटी गणपती. गावाला जाताना कुत्र्याचं काय? रेल्वेत त्याला सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कप्पा, म्हणजे कूपे किंवा केबिन, आपल्या नावावर लागतो. नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीतून जातो. सणाच्या गर्दीत पहिलं मिळणं कठीण, आणि दुसरं मला करवत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे त्याला आठ दिवस ठेवायचा विचार आहे त्यांना कुत्रा येण्याआधीच फोन करा. “बघू की” म्हणाले, तर यादीत त्यांच्या नावापुढे ‘नाही’ असं लिहा.