पेड जाहिरात आणि एसईओ एकत्र चालवताय? अफिलिएट मार्केटिंगमधल्या या चुका टाळा

नव्या अफिलिएट साइटला (दुसऱ्याचा माल सुचवून विक्रीमागे कमिशन मिळवणाऱ्या साइटला) हमखास मिळणारा सल्ला असा: आधी सर्चवरच्या जाहिरातींनी ट्रॅफिक आणा, तोवर एसईओ (पैसे न देता शोधनिकालांत वर येण्याचं काम) रुजेल, मग जाहिरात हळूहळू कमी करा. सल्ला वाईट नाही. पण तो पाळताना जाहिरातीचा खर्च एका शीटमध्ये राहतो, सर्च कन्सोलची (गूगल शोधात साइट कशी दिसते ते सांगणाऱ्या साधनाची) रँक दुसरीकडे, आणि कमिशन तिसऱ्याच डॅशबोर्डवर, तेही कित्येक आठवड्यांनी पक्कं होणारं. स्वतःचा माल विकणाऱ्याला जाहिरातीच्या कुठल्या शब्दावरून विक्री झाली हे तुलनेनं सहज पाहता येतं. अफिलिएटचा माल स्वतःचा नसतो आणि पैसे भरायचं पानही दुसऱ्याचं असतं. त्याला हे धागे मुद्दाम जोडून घ्यावे लागतात. खालच्या बहुतेक चुका ते न जोडल्यामुळेच होतात.

क्लिक परवडतो का, हे न पाहता बोली लावणं

समजा, एका विक्रीमागे कमिशन ६०० आहे (चलन कुठलंही धरा). जाहिरातीवरून आलेल्या १०० जणांपैकी २० जण तुमचं परीक्षण वाचून विक्रेत्याच्या साइटवर जातात आणि त्यांतला एक जण खरेदी करतो. म्हणजे १०० क्लिकमागे ६०० मिळाले. एका क्लिकला फार तर ६ देता येतील, आणि तेव्हाही हातात काही उरणार नाही. रद्द झालेल्या आणि परत केलेल्या ऑर्डरी १५ टक्के धरल्या तर ही मर्यादा ५.१० वर येते. पहिल्या पानावर वर दिसण्यासाठी क्लिकला ८ मोजावे लागत असतील, तर तो शब्द जाहिरातीसाठी नाहीच. तो एसईओच्या यादीत टाका.

हे गणित प्रत्येक शब्दगटासाठी वेगळं करायचं. पेड आणि ऑरगॅनिकची (जाहिरातीशिवाय शोधातून आलेल्या भेटींची) एकत्र सरासरी काढली की एसईओचा नफा जाहिरातीचा तोटा झाकून टाकतो. महिनाअखेरीस सगळं ठीक दिसतं आणि तेवढ्यात तीन शब्द निम्मं बजेट खाऊन गेलेले असतात.

कुकीची, म्हणजे ग्राहक तुमच्या लिंकवरून आला हे लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या नोंदीची, मुदतही याच हिशोबात धरा. अमेझॉनच्या अफिलिएट कार्यक्रमात ही मुदत साधारण २४ तासांची असते. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये गेली असेल तरच पुढे जास्त दिवस मिळतात. ‘अमुक वस्तू कशी निवडावी’ असं शोधणारा माणूस अजून आठवडाभर विचार करणार आहे. त्याला पैसे मोजून आणलं, तर खरेदी होईपर्यंत तुमची कुकी संपलेली असते. असे माहितीपर शोध लेखांसाठी ठेवा. ‘अ विरुद्ध ब’, ‘परीक्षण’, विशिष्ट मॉडेलचं नाव अशा निर्णयाजवळच्या शोधांवर जाहिरात करा.

विक्रेत्याचं नाव: नकळत केलेलं उल्लंघनही उल्लंघनच

सर्वात महाग पडणारी चूक ही. अनेक अफिलिएट कार्यक्रमांच्या अटींमध्ये विक्रेत्याच्या ब्रँडनावावर सर्च जाहिरात करायला मनाई असते. काहींमध्ये जाहिरातीवरून थेट विक्रेत्याच्या पानावर पाठवायलाही मनाई असते. कारण उघड आहे. जो ग्राहक नाव टाइप करून त्यांच्याकडेच निघाला होता, त्याच्यासाठी ते तुम्हाला कमिशन का देतील? उल्लंघन सापडलं की जमा झालेलं कमिशन रोखलं जातं आणि अनेकदा खातंही बंद होतं.

इथे दोन गैरसमज आहेत. पहिला: ‘गूगलनं जाहिरात मंजूर केली, म्हणजे चालतं.’ गूगलची ट्रेडमार्कबाबतची धोरणं आणि विक्रेत्याचा करार या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड (ज्या शोधावर जाहिरात दाखवायची तो शब्द) म्हणून वापरायला गूगल सहसा अडवत नाही. बंधन असतं ते मुख्यतः जाहिरातीच्या मजकुरात तो वापरण्यावर. विक्रेता मात्र कीवर्डलाच नाही म्हणू शकतो, आणि कमिशन तोच देतो.

दुसरा गैरसमज: ‘मी ब्रँडचं नाव कीवर्डमध्ये घातलेलंच नाही.’ घालावं लागतच नाही. ब्रॉड मॅचवर (संबंधित शोधांवरही जाहिरात दाखवणाऱ्या पर्यायावर) ‘वेब होस्टिंग’ टाकलं, तर एखाद्या होस्टिंग कंपनीचं नाव शोधणाऱ्यालाही तुमची जाहिरात दिसू शकते. नेमक्या त्याच शोधासाठी असलेला एक्झॅक्ट मॅचसुद्धा आता नावापुरताच एक्झॅक्ट राहिला आहे, कारण त्याच अर्थाचे शोधही त्यात धरले जातात. म्हणून ज्या ज्या कार्यक्रमात तुम्ही आहात, त्यातल्या प्रत्येक ब्रँडचं नाव निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्या शोधांवर जाहिरात दाखवायची नाही त्या शब्दांत) घाला. नेहमीचे कीवर्ड जवळच्या रूपांपर्यंत पसरतात, तसे निगेटिव्ह कीवर्ड पसरत नाहीत. २०२४ पासून स्पेलिंगच्या चुका गूगल स्वतः धरतं, पण समानार्थी शब्द आणि अनेकवचनं धरत नाही. जोडून लिहिलेलं, तोडून लिहिलेलं, डॉट कॉम लावलेलं अशी सगळी रूपं स्वतः घातलेली बरी. मग दर आठवड्याला सर्च टर्म्सचा, म्हणजे कुठल्या शोधांवर जाहिरात दिसली त्याचा, अहवाल उघडा. २०२० पासून त्यात सगळे शोध दिसत नाहीत, म्हणून अहवाल स्वच्छ दिसला तरी निगेटिव्हची यादी पूर्ण ठेवा.

एसईओच्या बाजूनं हेच ब्रँडचे शोध मात्र खुले आहेत. ‘अमुक कंपनीचं परीक्षण’ किंवा ‘अमुकला पर्याय’ अशा शोधांवर लेख लिहून वर येण्याला सहसा अटींची आडकाठी नसते. ब्रँडचे शब्द एसईओकडे आणि बिगर-ब्रँड खरेदीचे शब्द जाहिरातीकडे, ही वाटणी मला सर्वात कमी डोकेदुखीची वाटते.

जिथे पहिल्या क्रमांकावर आहात, तिथेच पैसे ओतणं (किंवा घाईनं ओढून घेणं)

यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्हींच्या मागे खरी माहिती आहे. २०११ मध्ये गूगलच्या संशोधकांनी जाहिराती थांबवण्याचे अनेक प्रयोग अभ्यासले. जाहिरातीवरून येणाऱ्या क्लिकपैकी सरासरी ८९ टक्के क्लिक ऑरगॅनिकमधून भरून निघत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जाहिरात विकणाऱ्यांना हा आकडा पाठ असतो. पण लगेच पुढच्या वर्षी त्यांनीच क्रमांकानुसार तपासलं तेव्हा चित्र बदललं. साइट ऑरगॅनिकमध्ये पहिली असेल तर जाहिरातीचे साधारण निम्मेच क्लिक खरोखर वाढीव होते. पाचव्या किंवा त्याखालच्या क्रमांकावर ते प्रमाण ९६ टक्के निघालं. दुसरीकडे ईबे या ऑनलाइन बाजारपेठेनं स्वतःच्या नावावरच्या जाहिराती थांबवून पाहिल्या, तर जवळजवळ सगळं ट्रॅफिक ऑरगॅनिकमधून परत आलं. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला.

यातला एकही आकडा तुमच्या साइटला जसाच्या तसा लागू होणार नाही. तुमच्या नावानं कोणी शोधत नसेल, तर ईबेचं उदाहरण तुमच्या कामाचं नाही. जाहिरातीचा खरा उपयोग पाचव्या-आठव्या क्रमांकाच्या शब्दांवर असतो, हे मात्र यातून नीट दिसतं. पहिल्या क्रमांकाच्या शब्दांवर चाचणी घ्या: दोन आठवडे जाहिरात चालू, दोन आठवडे बंद, असं दोनदा. एकूण कमिशन पाहा, क्लिक पाहू नका. काही भौगोलिक भागांतच जाहिरात बंद ठेवता आली तर आणखी चांगलं, कारण हंगामाचा परिणाम दोन्हीकडे सारखा राहतो.

सर्च कन्सोल आणि गूगल ॲड्स एकमेकांना जोडले की पेड आणि ऑरगॅनिकचा एकत्र अहवाल मिळतो. ही जोडणी पहिल्याच दिवशी करून ठेवा.

कीवर्ड प्लॅनरचा ‘कॉम्पिटिशन’ रकाना चुकीचा वाचणं

कीवर्ड प्लॅनर हे शब्द निवडायचं गूगल ॲड्समधलं साधन. त्याच्या त्या रकान्यात ‘कमी’ दिसलं की अनेक जण लगेच लेख लिहायला बसतात. ती स्पर्धा जाहिरातदारांची असते. शोधनिकालात रँक मिळवणं किती अवघड आहे, याच्याशी तिचा संबंध नाही. ज्ञानकोश आणि सरकारी साइट्स पहिली दहा स्थानं अडवून बसलेल्या शब्दावर एकही जाहिरातदार नसू शकतो. रँकची अवघडता पाहायची तर शोध करून पहिलं पान डोळ्यांनी बघा. शोधसंख्याही ढोबळ असते, आणि फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला तर फक्त पल्ला दाखवला जातो.

खरा सोन्याचा साठा उलट बाजूला आहे. ज्या शोधांनी जाहिरातीतून प्रत्यक्ष कमिशन मिळवून दिलं, त्यांची यादी काढा आणि त्या क्रमानं लेख लिहा. सहा महिने वाट पाहून ‘हा शब्द विकतच नाही’ हे कळण्यापेक्षा आधी थोडे पैसे खर्चून कळलेलं परवडतं.

एकाच पानाला दोन्ही कामं लावणं

जाहिरातीच्या पानावर माणसाला ठरवायचं असतं. लेखाच्या पानावर समजून घ्यायचं असतं. दोन वेगळी पानं करणं योग्यच आहे, पण ती करताना तांत्रिक घोळ होतात.

जाहिरातीचं पान सर्चमध्ये नको, म्हणून ते रोबॉट्सच्या फाइलमध्ये (बॉटनी कुठली पानं वाचू नयेत हे सांगणाऱ्या robots.txt मध्ये) अडवलं जातं आणि वर नोइंडेक्सही (हे पान निकालांत दाखवू नका, अशी पानातली सूचना) लावलं जातं. मग पानं वाचणारा गूगलचा प्रोग्राम, गूगलबॉट, पानात शिरतच नाही, त्याला नोइंडेक्स दिसत नाही, आणि कुठून तरी लिंक मिळाली की नुसता पत्ता निकालांत येऊ शकतो. नोइंडेक्स ठेवा, रोबॉट्समधली अडवणूक काढा. नोइंडेक्समुळे जाहिरात अडत नाही. जाहिरात तपासणारा ‘ॲड्सबॉट’ त्या फाइलमधला सर्वांसाठीचा तारांकित (*) नियम मानत नाही; त्याचं नाव घालून अडवलं तरच तो थांबतो आणि मग जाहिरात नाकारली जाते. ‘डेस्टिनेशन नॉट क्रॉलेबल’ किंवा ‘डेस्टिनेशन नॉट वर्किंग’ असं कारण आलं, तर हे आणि सर्व्हरच्या फायरवॉलचे नियम आधी तपासा.

दोन्ही पानं जवळजवळ सारखी असतील, तर जाहिरातीच्या पानावरून लेखाकडे कॅनॉनिकल (मूळ पान कुठलं ते सांगणारी खूण) द्या. कॅनॉनिकल आणि नोइंडेक्स एकत्र लावू नका. एक सांगतो ‘हे पान तेच आहे’, दुसरा सांगतो ‘हे पान नकोच’.

जाहिरातीचं पान म्हणजे चार ओळी आणि एक मोठं बटण, असं असेल तर गूगल ॲड्स त्याला नुसतं पुढे ढकलणारं पान मानून नाकारू शकतं. ऑरगॅनिकमध्येही विक्रेत्याचंच वर्णन उतरवलेल्या अफिलिएट पानांना गूगलच्या स्पॅम धोरणांत वेगळं कलम आहे. दोन्हीकडे उपाय एकच: स्वतः काढलेले फोटो, स्वतः केलेली तुलना, आणि कोणी ही वस्तू घेऊ नये हेही सांगणारा परिच्छेद. अफिलिएट लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावा (२०१९ पासून ती उपलब्ध आहे) आणि कमिशन मिळतं हे लिंकच्या जवळ स्पष्ट लिहा.

बटणावरचा क्लिक म्हणजे विक्री असं धरणं

विक्री दुसऱ्याच्या साइटवर होते, म्हणून बरेच जण ‘विक्रेत्याकडे जा’ या बटणावरचा क्लिक कन्व्हर्जन (जाहिरातीतून साधलेली हवी ती कृती) म्हणून नोंदवतात आणि स्वयंचलित बोली चालू करतात. यंत्रणा मग इमानदारीनं बटण दाबणारी माणसं शोधून आणते. विकत घेणारी माणसं शोधायला तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

दुरुस्ती थोडी कष्टाची आहे, पण एकदाच करावी लागते. जाहिरातीवरून येणाऱ्या बहुतेक भेटींबरोबर गूगलची क्लिकओळख, म्हणजे जीसीएलआयडी, पत्त्यात येते. ती तुमच्याकडे साठवा आणि तिला एक छोटा क्रमांक द्या, कारण मूळ ओळख लांबलचक असते आणि काही अफिलिएट नेटवर्कच्या (विक्रेता आणि अफिलिएट यांच्यातल्या मध्यस्थांच्या) रकान्यात मावत नाही. हा क्रमांक सब-आयडी म्हणून अफिलिएट लिंकला जोडा. नेटवर्कच्या अहवालात कमिशन त्या क्रमांकासह येतं. मग ते मूळ ओळखीशी जुळवून गूगल ॲड्समध्ये ऑफलाइन कन्व्हर्जन म्हणून चढवा. क्लिकनंतर ९० दिवस उलटले की ते स्वीकारलं जात नाही. म्हणून कमिशन पक्कं होण्याची वाट पाहू नका. प्रलंबित असतानाच, नेहमीच्या रद्द होण्याच्या प्रमाणाइतकी रक्कम कापून चढवा. सब-आयडी न देणारे कार्यक्रमही आहेत. तिथे स्वयंचलित बोलीपेक्षा हातानं लावलेली बोली आणि वरचं गणित जास्त भरवशाचं.

क्लिकओळख येतच नसेल तर जाहिरातीचा पत्ता आणि प्रत्यक्ष उघडणारा पत्ता ताडून पाहा. शेवटचा तिरपा दंड किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू जोडणारं रिडायरेक्ट कधीकधी वाटेत पॅरामीटर (पत्त्याला जोडलेली जादा माहिती) गाळतं, आणि पेड भेटी ॲनालिटिक्समध्ये ‘ऑरगॅनिक’ किंवा ‘डायरेक्ट’ म्हणून जमा होतात. स्वतःच्याच साइटवरच्या अंतर्गत लिंकना यूटीएम (भेट कुठून आली ते सांगणारी पत्त्यातली खूण) लावू नका, मूळ स्रोत पुसला जातो.

जाहिरात थांबवली आणि ऑरगॅनिकही पडलं

असं झालं की ‘गूगलनं सूड घेतला’ असा निष्कर्ष काढला जातो. जाहिरातीच्या खर्चाचा ऑरगॅनिक रँकवर परिणाम होत नाही, असं गूगल कायम सांगत आलं आहे. सर्च कन्सोलमध्ये इम्प्रेशन (निकालांत किती वेळा दिसलात), सरासरी क्रमांक आणि क्लिक हे तीन आकडे शेजारी ठेवा. क्रमांक तोच आणि इम्प्रेशन घटले असतील, तर मागणी कमी झाली किंवा जाहिरात पाहून तुमच्या साइटचं नाव शोधणारे कमी झाले. साइटच्या नावाचे शोध गाळून पुन्हा पाहा. इम्प्रेशन आणि क्रमांक तेच पण क्लिक घटले, तर निकालाच्या पानावर काहीतरी नवीन आलं आहे, बहुधा दुसऱ्याची जाहिरात किंवा वरच दिलेलं तयार उत्तर. आणि क्रमांकच घसरला असेल, तर घसरणीची तारीख गूगलनं जाहीर केलेल्या अपडेटच्या तारखांशी ताडून पाहा. हे तिन्ही तपासून होईपर्यंत जाहिरात पुन्हा चालू करू नका, नाहीतर नेमकं कशामुळे काय झालं हे कधीच वेगळं करता येणार नाही.