वाळवंटात तंबूची जागा : मुंबईहून निघण्यापूर्वीची तयारी

तंबू घेऊन वाळवंटात जायचे ठरले की बहुतेक मुंबईकर आधी सामानाची यादी करायला बसतात. माझ्या यादीत तंबू बराच खाली येतो. पहिली जुळवाजुळव जागेची असते. सह्याद्रीतल्या किल्ल्यावर मुक्काम करताना हा प्रश्न पडत नाही, कारण देवळाची पडवी, गुहा किंवा पाण्याच्या टाक्याजवळची सपाटी कुठे आहे हे आधीच्या शंभर जणांना ठाऊक असते. जैसलमेरच्या पश्चिमेचा नकाशा उघडला की मात्र सगळेच रिकामे दिसते आणि कुठेही तंबू ठोकता येईल असा समज होतो. तो समज घरीच, मुंबईतच सोडून देणे ही तयारीची सुरुवात होय.

त्याआधी तारखा ठरवाव्यात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ थरमध्ये उघड्यावर राहण्यास योग्य असतो. उन्हाळ्याचा विचारही करू नये. जैसलमेरच्याच पट्ट्यातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. भिंतीवरचे कॅलेंडर पाहून अमावास्येच्या आगेमागचे दिवस निवडले तर आकाश खऱ्या अर्थाने दिसते. माघी पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरुमहोत्सव भरतो. त्या दिवसांत गाड्या, खोल्या आणि उंट सगळेच महाग होते, म्हणून ज्याला शांतता हवी आहे त्याने ते दिवस टाळावेत. वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरची थेट गाडी रोज नसते. त्यामुळे सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर गाठून पुढचे सुमारे २८५ किलोमीटर रेल्वेने किंवा रस्त्याने जाण्याचा पर्याय हाताशी ठेवावा.

आता जागा. घरबसल्या उपग्रहाच्या छायाचित्रांवर दोन-तीन संध्याकाळी खर्च केल्या की बराच उलगडा होतो. वाळूचे धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, फिकट, लांबट पट्ट्यांसारखे दिसतात, त्यांच्या मधली सपाटी थोडी गडद असते आणि वर्तुळाकार कुंपणातल्या चार-दोन झोपड्या म्हणजे ढाणी, म्हणजे आपल्याकडची वाडी. पक्क्या रस्त्यापासून चालत वीस मिनिटांच्या आत आणि एखाद्या ढाणीपासून हाकेच्या नव्हे पण नजरेच्या टप्प्यात असलेल्या चार-पाच जागा खुणा करून ठेवाव्यात. एकच जागा ठरवून जाऊ नये. या खुणा मोबाइलमध्ये इंटरनेटशिवाय उघडतील अशा नकाशात साठवाव्यात आणि शिवाय एका कागदावर उतरवून घ्याव्यात.

यानंतर खरे काम सुरू होते, ते म्हणजे खोडण्याचे. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेले मरुभूमी राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचे आहे. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला परिचित असलेला माळढोक, ज्याला तिकडे गोडावण म्हणतात आणि जो राजस्थानचा राज्यपक्षी आहे, तो आज प्रामुख्याने याच भागात तग धरून आहे. या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून तंबू ठोकता येत नाही. सम आणि खुडी या पर्यटकांच्या दोन्ही गावांच्या परिसरातही ही हद्द कुठून जाते हे जैसलमेरला वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे. स्थानिक चालकाचे ‘कुछ नहीं होता साहब’ हे उत्तर पुरेसे समजू नये. पोखरणच्या आसपासचे लष्करी सरावाचे टापू पूर्णपणे वगळावेत. सीमेकडच्या पट्ट्यात जायचे असेल तर जिल्हा प्रशासनाची परवानगी कुठपर्यंत लागत नाही आणि कुठून लागते, याची चौकशी आदल्या दिवशीच करावी. तनोटच्या देवळापर्यंत लोक रोज जातात म्हणून त्या रस्त्याच्या कडेला रात्र काढणे चालते असा अर्थ होत नाही.

सरकारी हद्दी निदान नकाशावर सापडतात. गावाच्या हद्दी सापडत नाहीत आणि त्या जास्त महत्त्वाच्या आहेत. आपल्याकडे जशी देवराई, तशी तिकडे ओरण असते: देवाच्या नावाने राखलेली जमीन, जिथे गुरे चरतात पण झाडावर कुऱ्हाड चालत नाही. गोचर ही गावाची गायराने. खडीन म्हणजे उताराच्या पायथ्याशी बांध घालून पावसाचे पाणी जिरवण्याची शेती. जैसलमेरकडच्या पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी बसवलेल्या या पद्धतीत मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू आणि हरभरा निघतो. पाऊस ओढलेल्या वर्षी हेच खडीन पेरणीविना सपाट आणि टणक पडून राहते आणि परक्याला तंबूसाठी अगदी तयार मैदान वाटते.

आमची फसगत झाली ती आगोरावर. पहिल्याच खेपेला आम्हाला संध्याकाळी उशिरा एक जागा सापडली: टणक, किंचित उताराची, काटा नाही, लेंडी नाही, जणू कुणी झाडून ठेवलेली. खरोखरच ती झाडून ठेवलेली होती. सकाळी शेळ्या घेऊन आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी रामराम केला, तंबूकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की सकाळी तुम्ही शौचाला कुठल्या बाजूला गेला होता. आम्ही हात केला तो सुदैवाने उताराच्या पलीकडचा होता. मग त्यांनी उताराच्या तळाशी असलेले, आम्ही अंधारात न पाहिलेले गोल झाकण दाखवले. तो टांका होता. आपल्या गडावरच्या टाक्याचाच भाऊबंद. आम्ही झोपलो होतो ती जमीन म्हणजे त्याचे आगोर, पावसाचे पाणी जिथून वाहत टाक्यात उतरते ते अंगण. जिथे वर्षाला वीस सेंटिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो तिथे त्या अंगणावर बूट घालूनही जात नाहीत. ते रागावले नाहीत, चहाला बोलावून गेले. त्यामुळे आम्हाला जास्तच ओशाळवाणे वाटले. तेव्हापासून स्वच्छ जागा दिसली की मी आधी उताराच्या खालच्या टोकापर्यंत चालत जाऊन येतो.

सखल जागेचे दुसरेही भय आहे. वाळवंटात पूर येत नाही हे खरे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास आणि आसपासची गावे पाण्याखाली गेली आणि जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे ते पाणी कित्येक आठवडे जिरले नाही. हिवाळ्यात तशी वेळ सहसा येत नाही, तरी कोरड्या ओहोळाच्या पात्रात झोपू नये. शिवाय थंड हवा जड असल्याने रात्री ती खळग्यात साचते. धोऱ्यांमधल्या सपाटीच्या अगदी तळाऐवजी दोन-तीन पुरुष उंचावर तंबू लावला तर पहाटेच्या गारठ्यात फरक जाणवतो.

धोऱ्याच्या माथ्यावर तंबू लावण्याचा मोह छायाचित्रापुरता ठेवावा. वारा ज्या बाजूने येतो तो धोऱ्याचा चढ सौम्य, दहा-पंधरा अंशांचा असतो. पलीकडची बाजू तीस अंशांहून अधिक तीव्र असते, कारण माथ्यावरून उडालेली वाळू तिथे घसरत राहते. त्या तीव्र उताराच्या पायथ्याला आडोसा छान वाटतो, पण रात्रभर वाळू अंगावर येते. म्हणून पायथ्यापासून दूर सरकून, सेवण गवताचे ठोंब जिथे धरून आहेत अशी जमीन पाहावी. गवत टिकले आहे याचा अर्थ तिथली वाळू चालती नाही. फक्त भुरट नावाचे गवत ओळखून टाळावे. त्याची बारीक काटेरी बोंडे चटईत, मोज्यात आणि घोंगडीत अशी रुततात की ती काढताना बोटे रक्ताळतात.

शांततेचा विचारही जागा निवडतानाच करावा लागतो. समच्या धोऱ्यांजवळ तयार तंबूंच्या रांगा आहेत आणि तिथल्या रात्रीच्या गाण्यांचा आवाज कोरड्या हवेत फार दूरवर पोहोचतो. जैसलमेरच्या भोवती पवनचक्क्यांची राने उभी आहेत आणि त्यांचे लाल दिवे रात्रभर लुकलुकतात. ताऱ्यांसाठी जाणाऱ्याने त्या रांगा आपल्या पाठीशी, एखाद्या धोऱ्याआड येतील अशी जागा शोधावी.

सामानाकडे वळताना आधी तंबूची परीक्षा घ्यावी. पवनेच्या काठासाठी घेतलेला, सगळीकडून जाळीचा हवेशीर तंबू इथे त्रास देतो, कारण पिठासारखी वाळू जाळीतून गाळून आत येते. आतली भिंत निदान निम्मी कापडाची असावी. नेहमीच्या लोखंडी खुंट्या वाळूत धरत नाहीत, आणि हे जैसलमेरला कळण्यापेक्षा केळव्याला कळलेले बरे. भरतीच्या रेषेच्या वरची, सुरूच्या झाडांकडची कोरडी वाळू बरीचशी तशीच असते. तिथे आम्ही वीतभर लांबीची खुंटी दाबून बसवली आणि ती दोन बोटांनी उपसून निघाली. त्यानंतर पिठाच्या रिकाम्या कापडी पिशव्या आणल्या, त्या वाळूने भरल्या, तोंड तणाव्याच्या दोरीने बांधले आणि हातभर खोल खड्ड्यात आडव्या पुरून वरून वाळू तुडवली. समुद्रावरच्या दुपारच्या वाऱ्यात तंबू जागचा हलला नाही. अशा आठ पिशव्यांचे वजन जाताना जवळपास काहीच नसते. सोबत एक छोटे फावडे, तंबूच्या साखळ्यांत (झिपांत) अडकलेली वाळू काढायला जुना दातांचा ब्रश आणि त्यांवर घासायला मेणबत्तीचा तुकडा असावा.

मुंबईकराचा थंडीचा अंदाज चुकतो. दुपारी पंचवीस अंशांत शर्टाच्या बाह्या दुमडाव्या लागतात आणि त्याच रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो, कारण कोरडी वाळू आणि निरभ्र आकाश दिवसाची ऊब धरून ठेवत नाहीत. कानटोपी, लोकरी मोजे, पाच अंशांना पुरेल अशी स्लीपिंग बॅग आणि तिच्याखाली जाड मॅट या वस्तू सक्तीच्या समजाव्यात. डिसेंबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेसातच्या सुमारास उगवतो. साडेतेरा तासांच्या या रात्रीसाठी हेडटॉर्चचे जास्तीचे सेल घ्यावेत. दमट हवेला सरावलेल्या नाकातून पहिल्या दोन दिवसांत रक्त येऊ शकते, म्हणून तुपाची लहान डबी जवळ असू द्यावी.

पाण्याचा हिशेब माणशी रोज पाच लिटरचा धरावा. दोघांच्या दोन दिवसांचे वीस लिटर होते. वर पाच लिटर राखीव. हे पाणी जैसलमेरहूनच भरून न्यावे, ढाणीतून मागू नये, कारण तिथले भूजल बहुतेक ठिकाणी खारे आहे आणि गोडे पाणी मोजून वापरले जाते.

जेवणाची आखणी चुलीशिवाय करावी. गॅसची लहान डबी रेल्वेत किंवा विमानात नेता येत नाही आणि सरपण गोळा करणे तर मुळीच योग्य नाही. तिकडची खेजडी म्हणजे आपली शमी. ती वाचवण्यासाठी १७३० मध्ये खेजडली गावात अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. तिथे वाळकी काटकी हेही कुणाच्या तरी चुलीचे इंधन असते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले तिखट पोहे, मेतकूट आणि बेसनाचे लाडू यांवर दोन दिवस उत्तम निभतात. गरम चहा थर्मासमधून.

फुरसे कोकणात असते तसेच इथेही असते. बूट रात्री तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकूनच घालावेत. अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च मिळाली तर तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात. झोपण्यापूर्वी भोवती एक फेरी मारावी. आधारकार्डाची मूळ प्रत वरच्या खिशात ठेवावी. ड्रोन नेऊ नये आणि कुणा हौशी मित्राचा सॅटेलाइट फोन तर अजिबात घेऊ नये. तो परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे.

कच्छचे रण जवळ पडते म्हणून तोच बेत तिकडे वळवणारे पुष्कळ भेटतात. धोरडोच्या पांढऱ्या रणाला परवाना लागतो आणि मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल असल्याने त्यावर तंबू लावता येत नाही. छोटे रण म्हणजे घुडखरांचे, अर्थात रानगाढवांचे, अभयारण्य. दोन्हीकडे काठावरच्या गावातच मुक्काम धरावा.

पोहोचायच्या दिवशी दुपारी चारपर्यंत जागेवर असावे. गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवावी, जवळच्या ढाणीत जाऊन रामराम करावा आणि जागा दाखवून, इथे दोन रात्री राहिलो तर चालेल का, असे विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर दुसरी जागा बहुधा तेच सुचवतात, आणि ती आपल्या छायाचित्रावरच्या सगळ्या खुणांपेक्षा चांगली निघते. शौचासाठी आगोर कुठे नाही हेही तेव्हाच विचारून घ्यावे, खड्डा वीतभर खोल करावा आणि कागद पिशवीत घालून परत आणावा.

निघताना मॅटची घडी घालण्यापूर्वी ती उन्हात पसरून जुन्या कंगव्याने विंचरावी. मी तसे केले नव्हते; भुरटाचा एक काटा पुढच्या पावसाळ्यात राजमाचीला सापडला, तोही मध्यरात्री.