डेस्कटॉप बदलायचा की जुन्यावरच भागवायचं?

"कॉम्प्युटर स्लो झाला भाऊ, नवीनच द्या" असं म्हणत दुकानात कुणी आलं की मी आधी कॅबिनेट आणायला सांगतो. आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. त्या दिवसांत सकाळी बरं चालणारं मशीन दुपारी रेंगाळत असेल, तर प्रोसेसर जुना झाला असं लगेच समजू नका. तो तापलाय. तापला की स्वतःला वाचवायला तो वेग कमी करतो.

जिनिंगमधल्या मशीनचं तर विचारूच नका. वरून पंखा फिरताना दिसतो, पण पंखा काढला की खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर रुईचे तंतू आणि धुळीचा असा थर असतो की हवा आत शिरतच नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा गरगर फिरून बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर पुसून नवी लावा. मशीन मध्येच रिस्टार्ट होत असेल तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा), यूपीएस आणि अर्थिंगही बघून घ्या.

एवढं करूनही स्लो आहे? मग तुमचं सगळ्यात जड काम चालू असताना मोजा. मार्चएंडची टॅली असेल, लग्नसराईतले अल्बम असतील. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल.

डिस्क सारखी १०० टक्क्यांवर आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी टाका, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, साटा जोडणीची एसएसडी ५०० च्या आसपास. खरा फरक तर बारीक बारीक फाइली उघडताना जाणवतो. इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारं दुसरं काही नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर जात असेल तर रॅम वाढवा, पण मदरबोर्ड बघून. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या जुन्या-नव्या पिढ्यांची खाच वेगळी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच चढले, तेव्हा भाव विचारून मगच ठरवा. डीडीआर३ च्या बोर्डावर मात्र आता मोठा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिस्क आणि मेमरी निवांत, पण सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, सतत १०० टक्के, तर नवीन घ्या. दुसरं कारण विंडोज. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (बोर्डावरची किंवा प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागतं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं की चालेल की नाही ते कळतं. बँकेचे व्यवहार, जीएसटी ज्या मशीनवर होतात ते असुरक्षित ठेवू नका.

नवीन घेताना मॉनिटर, कीबोर्ड, चांगली एसएसडी जुनीच वापरा. रॅमचा एक स्लॉट रिकामा राहील असा बोर्ड मागा. आणि खरेदी जानेवारीतच उरका, मार्चच्या तोंडावर टॅलीचा डेटा हलवू नका. बॅकअप नव्या मशीनवर उघडून, मागच्या वर्षाचा ताळेबंद जुळवून पाहिल्याशिवाय जुनी डिस्क फॉरमॅट करायची नाही.