इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने शिकायचंय? अर्ज भरताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये १९ वर्षांवरच्यांच्या बऱ्याचशा अभ्यासक्रमांचा खर्च सरकार ‘अडल्ट स्किल्स फंड’मधून उचलतं. पैसे थेट कॉलेजला मिळतात, म्हणून पात्रता तपासण्याचं कामही कॉलेजच करतं.

व्हिसावरची ओळ वाचून माघार घेणं. डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारे, आलेल्या कितीतरी जणी ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी निधीचा लाभ घेता येणार नाही) वाचून चौकशीच करत नाहीत. त्या बंदीत सरकारी भत्ते येतात, शिक्षणाचा निधी येत नाही. ही भीती मनातून काढून टाका.

तीन वर्षं चुकीची मोजणं. व्हिसा शिक्षणासाठीचा नसावा आणि वर्गाच्या पहिल्या दिवशी देशातल्या वास्तव्याची मागची तीन वर्षं पूर्ण झालेली असावीत. अर्जाची तारीख इथे कामाची नाही. १० ऑक्टोबर २०२२ ला आलात आणि वर्ग १५ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाला, तर पंचवीस दिवस कमी पडतात. त्यापेक्षा जानेवारीची बॅच घ्या. सुट्टीत काही आठवडे भारतात जाऊन आल्याने हिशेब मोडत नाही. ब्रिटिश पासपोर्ट असला तरी ही अट आहेच, त्यामुळे पुण्यात काही वर्षं राहून परतलेल्यांनी पासपोर्टवर विसंबू नये.

घराचं उत्पन्न सांगणं. तहसीलदाराच्या दाखल्यात सगळ्या कुटुंबाचं उत्पन्न धरतात, ती सवय इथे नडते. कमी पगार असलेल्यांची पूर्ण फी सरकार भरतं. त्या सवलतीसाठी फक्त शिकणाऱ्याचा पगार बघतात, नवऱ्याचा नाही. २०२५-२६ साठी मर्यादा वर्षाला २५,७५० पौंड, म्हणजे महिन्याला सुमारे २,१४६. हा आकडा कर कापण्यापूर्वीचा. महिना २,३०० पगार असेल तर हातात साधारण १,९५० येतात. तेवढेच बघून ‘मी बसते’ असं समजू नका, कारण वर्षाचे २७,६०० होतात. पेस्लिप वर्ग सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांतली हवी. मर्यादेच्या वर गेलात तरी अनेक अभ्यासक्रमांचा निम्मा खर्च सरकार देतं, तेव्हा उरलेली फी किती हे विचाराच.

कॉलेजचा पत्ता धरणं. नियम तुमच्या घराच्या पोस्टकोडवरून लागतात. लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी पगाराची मर्यादा ‘लंडन लिव्हिंग वेज’वर, म्हणजे लंडनच्या राहणीमानाच्या खर्चावरून काढलेल्या पगाराच्या दरावर, ठरते. लंडनबाहेरच्या स्लाउला राहून लंडनच्या कॉलेजात जाणाऱ्याला ती लागू नाही.

चुकीचा शेअर कोड देणं. बीआरपी या रहिवासी परवान्याच्या कार्डाची जागा आता ऑनलाइन ई-व्हिसाने घेतली आहे. तो कॉलेजला दाखवण्यासाठी ऑनलाइन काढायचा कोड म्हणजे शेअर कोड. कोड काढताना नोकरीचा किंवा घरभाड्याचा पर्याय निवडला, तर तो अनुक्रमे ‘डब्ल्यू’ किंवा ‘आर’ने सुरू होतो. कॉलेजसाठी ‘इतर कारण’ निवडा. तो कोड ‘एस’ने सुरू होतो. कोड ९० दिवसच चालतो, म्हणून नावनोंदणीच्या आठवड्यात काढा.