जावात इंट की इंटिजर? सुटा आंबा आणि पेटीतला आंबा

देवगडला काकांच्या आंब्याच्या हिशोबासाठी जावा या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, बागेतनं किती पेट्या निघाल्या आणि गाडीत किती चढल्या हे दोन आकडे जुळतात का एवढंच बघायचं. घरी 20, 50, 100 टाकून बघितलं, सगळं बरोबर. मग ऐन एप्रिलात एक दिवस दोन्हीकडे 140 पेट्या आणि प्रोग्राम म्हणतोय फरक आहे! भर उन्हात गड्यांनी परत सगळ्या पेट्या मोजल्या, त्या 140च होत्या. चूक माझ्या == मध्ये (दोन गोष्टी सारख्या आहेत का बघायचं चिन्ह) होती, तुमच्याकडनं ती होऊ नये म्हणून हे लिहितोय.

इंट म्हणजे सुटा आंबा, नुसती किंमत, 4 बाइट. असे प्रिमिटिव्ह, म्हणजे साधे मूळ प्रकार, जावात 8 आहेत आणि प्रत्येकाची एक रॅपर क्लास, म्हणजे ती किंमत गुंडाळून ठेवणारी पेटी, आहे, इंटची इंटिजर, कॅरची कॅरेक्टर वगैरे. इंटिजर म्हणजे तोच आंबा पेंढ्यात घालून पेटीत भरलेला. पेटीची जागा वेगळी लागते, नेहमीच्या 64 बिट जेव्हीएमवर (जावा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) साधारण 16 बाइट, आणि पेटी कुठे ठेवलीय तो पत्ता वेगळाच. 2004 च्या जावा 5 पासून हे भरणं आणि काढणं कंपायलर आपोआप करतो, त्याला ऑटोबॉक्सिंग म्हणतात, आणि आपोआप होतं म्हणूनच लक्षात येत नाही.

आता माझी चूक. दोन्ही आकडे हॅशमॅपमधनं (तारीख दिली की तिचा आकडा देणारा तक्ता) यायचे म्हणजे दोन्ही इंटिजर, आणि दोन इंटिजरमध्ये == टाकलं की जावा आतला आंबा बघतच नाही, ही एकच पेटी आहे का एवढंच बघते. मग 100 ला कसं चाललं? तर -128 ते 127 पर्यंतच्या पेट्या जावा आधीच भरून ठेवते आणि ऑटोबॉक्सिंगच्या वेळी तीच पेटी सगळ्यांना देते. 128 पासून पुढे साधारण दरवेळी नवी पेटी. म्हणून दोन इंटिजर असतील तर कायम इक्वल्स वापरा, ते आतला आंबा बघतं; त्यातला एखादा नल, म्हणजे पेटीच नाही असा, असू शकतो असं वाटलं तर ऑब्जेक्ट्स.इक्वल्स(अ, ब). एका बाजूला साधा इंट असेल तर == चालतं, कारण तेव्हा पेटी उघडली जाते.

नलचंही तसंच. पेटीच नाही आणि तुम्ही त्यातनं आंबा काढायला गेलात की थेट नलपॉइंटरएक्सेप्शन, म्हणजे चालता प्रोग्राम एरर देतो. मॅपमधनं आकडा घेताना नुसतं गेट करू नका, गेटऑरडिफॉल्ट(तारीख, 0) लिहा, म्हणजे त्या तारखेची नोंद नसेल तर 0 मिळेल. पण "आज मोजलंच नाही" आणि "शून्य पेट्या निघाल्या" हा फरक तुम्हाला ठेवायचा असेल तर मात्र इंटिजरच हवा, इंटमध्ये तो फरक ठेवता येत नाही.

बाकी सोपं आहे. लिस्ट, मॅपमध्ये रॅपरच लागतो, तिथे पर्याय नाही. बेरजा, लूप, मोठे अ‍ॅरे यात इंटच, नाहीतर लूपच्या प्रत्येक फेरीला एकूणची नवी पेटी भरली जाते आणि लाखभर फेऱ्या असतील तर विनाकारण काम वाढतं.

जुन्या कोडमध्ये न्यू इंटिजर(...) दिसलं तर काढून इंटिजर.व्हॅल्यूऑफ करा, न्यू इंटिजर जावा 9 पासून डेप्रिकेटेड, म्हणजे वापरू नका असं सांगितलेलं, आहे. आणि टेस्ट लिहिताना 127 आणि 128 हे दोन्ही आकडे टाकाच.