परदेशातून गिटार-पेडल आणताना या चुका टाळा

टोकियोच्या ओचानोमिझू भागात गिटारची दुकानं एकाला एक लागून आहेत. पाटीवरचा आकडा रुपयांत मोजला की नागपुरातल्या भावापेक्षा स्वस्त वाटतो आणि निर्णय तिथंच होऊन जातो. पण गिटार घरी येऊन नीट वाजेपर्यंत वीज, वजन, कस्टम आणि आपला उन्हाळा हे सगळं त्या किमतीत जमा होतं.

तिकडचा अडॅप्टर इथल्या बोर्डात लावणं

जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० ची, आपल्याकडे २३० ची. ज्या वजनदार अडॅप्टरवर फक्त १०० किंवा १२० व्होल्ट छापलं आहे, तो इथं लावला की जळतो आणि कधी कधी पेडललाही (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेटी) सोबत नेतो. ट्रॅव्हल प्लग फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज कमी करत नाही. सर्वांत जास्त गल्लत इथंच होते. इनपुटपुढे १००–२४० असा पल्ला छापलेला असेल, तरच तो अडॅप्टर वापरा.

खरं तर अडॅप्टर तिकडून घ्यायची गरजच नाही. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी आणि मधलं टोक निगेटिव्ह असलेला २.१ मिमीचा जॅक लागतो, तो सप्लाय भारतात सहज मिळतो. मात्र पैसे देण्याआधी पेडलच्या जॅकजवळची चिन्हं वाचा. काही जुन्या डिजिटल पेडलना ९ व्होल्ट एसी लागतं. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे काही फझ (आवाज खरखरीत करणारी पेडल) पॉझिटिव्ह ग्राउंडचे, म्हणजे उलट्या जोडणीचे असतात. असा फझ इतर पेडलसोबत एकाच डेझी चेनवर (एकाच सप्लायमधून अनेक पेडलना वीज देणाऱ्या वायरवर) जोडला तर सप्लाय शॉर्ट होतो, त्याला वेगळं आयसोलेटेड (इतरांशी न जोडलेलं) आउटपुट द्या.

करंटचंही तेच. साध्या ओव्हरड्राइव्ह पेडलला काही मिलिअँपिअर पुरतात, पण आवाजाचे पडसाद देणाऱ्या डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला १०० ते ३०० लागू शकतात. ३०० मागणारा डिले १०० च्या आउटपुटवर लावला की तो अडखळत सुरू होतो, मधेच बंद पडतो किंवा शिट्टी मारतो. पेडल बिघडलं असं समजून लोक ते दुरुस्तीला नेतात. आधी दुसऱ्या आउटपुटवर लावून बघा.

ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या ट्यूबवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर) जपानहून आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाजारात तयार मिळणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सहसा ११० व्होल्टचा असतो. १०० व्होल्टच्या अ‍ॅम्पला तो लावला की आतली सगळी व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढतात, ट्यूबमधला ६.३ व्होल्टचा हीटर ६.९ वर तापतो आणि ट्यूब लवकर संपतात. अ‍ॅम्प आणलाच असेल तर वाइंडिंगवाल्याकडून नेमक्या १०० व्होल्टचा, अ‍ॅम्पवर लिहिलेल्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या.

मुंबई–नागपूरचं वजन विसरणं

परदेशातून येताना २३ किंवा ३० किलो चालतात. पण मुंबई किंवा दिल्लीपासून पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर त्यावर सहसा १५ किलोच मिळतात. लेस पॉल प्रकारची इलेक्ट्रिक गिटार आणि तिची हार्डकेस मिळूनच आठ-नऊ किलो भरतात. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा.

लेस पॉलसारखं मागे झुकलेलं हेडस्टॉक (तारा ताणायच्या खुंट्यांचं टोक) केस आदळली की नटच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे तुटतं. तारा एक-दोन सूर उतरवा, पूर्ण सैल करू नका. हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना मोजे किंवा टी-शर्ट असे भरा की ते जरासुद्धा हलणार नाही. पेडलबोर्डचा लिथियम बॅटरीवाला सप्लाय चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या सामानात ठेवा.

बिल आणि परतावा

ब्रिटनमध्ये दुकानातून घेऊन सोबत आणलेल्या वस्तूंवर पर्यटकांना व्हॅट परत मिळणं १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. सिंगापूरमध्ये ९ टक्के जीएसटी परत मिळतो, पण गिटार चेक-इनमध्ये देणार असाल तर त्याआधीच परताव्याचं काम उरका, कारण ती दाखवावी लागू शकते. जपानमध्ये १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात करासह पूर्ण रक्कम भरायची आणि परतावा देश सोडताना घ्यायचा.

भारतात उतरल्यावर ड्युटीमाफीची मर्यादा प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र असते. नवरा-बायकोची मर्यादा एका गिटारवर जोडता येत नाही. किंमत त्याहून जास्त असेल तर रेड चॅनलने (ड्युटी भरायच्या मार्गाने) जा आणि बिल हातात ठेवा. स्वतःची महागडी गिटार परदेशी नेत असाल, तर निघतानाच कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परतताना ती तुमचीच होती हे पटवत बसावं लागतं.

शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून साइट्सच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवुड या शिसवीच्या जातीला ती नाही. जुनी व्हिंटेज गिटार घेताना मागची-बाजूची लाकडं कोणती, हे बिलावर लिहून घ्या.

आल्या आल्या सेटअप करणं

केस घरी आणली की एक दिवस बंदच ठेवा. सेटअप (तारांची उंची आणि नेकचा बाक जुळवणं) दोन आठवड्यांनी करा, तोवर नेक (गिटारची मान) इथल्या हवेत स्थिरावते. अकूस्टिक गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. नवतपात दिवसा बाहेर कोरडी लू आणि घरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, म्हणजे लाकूड आक्रसतं आणि फुगतं. फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बोटांना टोचू लागली तर फ्रेटबोर्ड आक्रसलाय असं समजा, लगेच फाइल मारू नका. कूलरच्या झोतासमोर गिटार टांगू नका, केसमध्ये हायग्रोमीटर ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तर ती अजिबात नको, तिथल्या तापमानाला ब्रिजखालचा (तारा अडकवायच्या पट्टीखालचा) सरस मऊ पडून ब्रिज उचलला जातो.

ट्रस रॉडची (नेकचा बाक जुळवायच्या आतल्या सळईची) चावी मात्र त्याच दुकानातून मागून घ्या. अमेरिकन गिटारला बऱ्याचदा इंचातली चावी लागते. १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिमी, त्यात इथली ३ मिमीची अ‍ॅलन की घातली तर ती घसरते आणि सळईच्या नटाचे कोपरे गोल करते. मग तो नट काढायला कारागीर शोधावा लागतो.