पाटी तिरपी करायच्या जुन्या गेममध्ये गोळा भोकात कसा पडू द्यायचा नाही

या कॉम्प्युटर गेममध्ये गोळ्याला हात लावायचा नसतो, ॲरोच्या बटणांनी अख्खी पाटी तिरपी करायची आणि गोळा उताराने पळतो. लाकडी रूपात हेच स्वीडनच्या ब्रियो कंपनीने १९४६ मध्ये काढलं होतं.

बटण सोडलं म्हणून गोळा थांबत नाही हो, वेग असतोच, म्हणून वळण यायच्या आधीच उलटा ॲरो हलकेच टिचकी मारल्यासारखा दाबायचा, धरून ठेवलात की गेला भोकात. भिंत हाच ब्रेक समजा. गोळा भिंतीला टेकवून तिच्या कडेकडेने सरकवला की एकाच दिशेची काळजी उरते आणि कोपरा सापडला तर दोन्हीकडून तिरपं धरून तिथेच पार्क करा, निवांत पुढचा रस्ता बघा (टायमर असेल तर निवांत वगैरे विसरा).

दोन-तीन गोळे एकदम असले की खरी डोकेफोड, कारण एकच उतार सगळ्यांना लागतो. आधी एकाला अशा खोबणीत अडकवा जिथून तो पुढच्या चालीत हलणार नाही, मग दुसऱ्याकडे वळा. भिंत लागेपर्यंत गोळा थांबतच नाही असा प्रकार असेल तर शेवटच्या घरापासून उलटा विचार करा, बराच पटकन सुटतो.

डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) गोळा सुसाट सुटत असेल तर कंट्रोल आणि एफ११ दाबून सायकल्स, म्हणजे गेम चालण्याचा वेग, कमी करा.